धोंड्याच्या महिन्यातला होला

माझ्या दगडाला चिंच कधी सापडली नाही. शेजाऱ्याचा पत्रा मात्र दरवेळी सापडायचा. तरी सासरी, सिरसाळ्याला, जेवता जेवता मी बोलून बसलो की उडता होला पाडतो. मेहुण्यानं लगेच छऱ्याची बंदूक हातात दिली. सात छर्रे गेले. होल्यांनी उडायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “त्यांनी तुमाला वळखलंय. भ्यायचं सोडून हसायलेत.”

सासरी जावयाची इस्टेट एवढीच, इज्जत. ती परत मिळवायला मी तीच बंदूक मागून परळीला घरी आणली. गच्चीच्या कठड्यावर डब्यांची झाकणं मांडली. परळीत वीजकेंद्राची राख काही कुणाला विचारून बसत नाही. छर्रा लागला की राखेत ठिपका उमटायचा, त्यामुळं मला खोटंही बोलता येईना. एका मेंढपाळानं सांगितलं, “होल्याकडं नका बघू. त्यो जिथं जाणार हाय, तिथं बघा.” मग झाकण दोरीला टांगून झोका द्यायचो आणि झोक्याच्या पुढं नेम धरायचो. दोन महिन्यांत ठिपके मधोमध यायला लागले.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात सासू जावयाला देव मानून पाय धुते, पुरणाचे धोंडे खाऊ घालते. दाराशी रांगोळी, परात, तांब्या, सगळं मांडलेलं. मी बंदूक घेऊनच गाडीवरून उतरलो. लिंबावरून होल्यांची जोडी उडाली. मी पुढं बघितलं आणि घोडा दाबला.

एक होला परातीपासून हातभर अंतरावर पडला.

शाबासकीसाठी मी मेहुण्याकडं वळलो. तो हळूच म्हणाला, “आज कावून, दाजी? आज तर तुमी देव हायेत.”

सासूबाईंनी पाय धुतले. रीत मोडली नाही, पण मानही वर केली नाही. पायावर पाणी पडत होतं आणि लिंबावर उरलेला होला घुमत होता. नको म्हणायच्या भीतीनं चार धोंडे खाल्ले.

बंदूक तिथंच ठेवून आलो. झाकणं काढायचा मात्र आळस केला. तेव्हापासून सकाळी गच्चीवर गेलो की कठड्यावरच्या राखेत होल्याच्या पायांचे ठसे असतात. परळीत होले काय कमी आहेत, असं मी बायकोला सांगतो. तिनं विचारलेलं नसतं. ठसे झाकणांपर्यंत येतात. परत गेल्याचे दिसत नाहीत. पाखरूच ते, उडून जात असेल.

यंदा परत धोंडा आलाय. परवा मेहुण्याचा फोन आला. “या दाजी, आई वाट बघायलीय.”

“आणि त्यो होला?” मी विचारलं.

“एकटाच येतो अंगणात. आई रोज मूठभर ज्वारी टाकती. तुमचं नाव घेऊन टाकती.”

मी अजून येतो म्हणालेलो नाही.