मास्कच्या आतलं नामस्मरण

माझी धाकटी नणंद सरकारी प्रयोगशाळेत खुनाच्या खटल्यांतले कपडे तपासते. गाठोडं सोडताना ती देवाचं नाव पुटपुटायची, तरच तिचे हात थरथरत नसत. ही सवय मीच लावलेली. आता नव्या संशोधनात म्हणे दिसलंय, की मास्क असला तरी बोलताना थुंकीचे कण नमुन्यावर पडू शकतात. तपासलं, तर एका लहानग्याच्या सदऱ्यावर हिचाच डीएनए निघाला. पुन्हा ओठ हलले तर नोकरी गेली, असं साहेबांनी बजावलं.

“वहिनी, बोलले तर पुरावा बाटतो, गप्प राहिले तर कात्री हातात ठरत नाही.”

“सोड मग नोकरी,” हे पेपरामागून म्हणाले.

“आणि घर तुझ्या सल्ल्यांवर चालवू का, दादा?”

मी म्हटलं, “तू गप्प राहा. तुझ्या वाटचं नाव मी घेते.”

गाठोडं कधी सुटणार ते मला कसं कळणार? म्हणून आज सकाळपासून ओट्याशी अखंड पुटपुटत होते. भाजीत मीठ घालायचं राहिलं.

संध्याकाळी ती आली. मी विचारलं, “हात?”

तिने दोन्ही तळवे पुढे धरले. अजून थरथरत होते.

“उद्या जरा मोठ्याने घे, वहिनी.”