गठ्ठ्यांवरची अक्षरं

पडदा वर जातो तो नेस्टा जार्मनच्या स्वयंपाकघरात. डाव्या हाताला लोखंडी चूल, तिच्या दांडीवर वाळत घातलेले मोजे. टेबलाखाली कुत्रा. दारामागे ओले कोट, त्यांतून फरशीवर ठिबकणारं पाणी. नोव्हेंबरची संध्याकाळ. टेबलाशी तिघंजण उभी आहेत: मधोमध नेस्टा, उजवीकडे इड्वल ब्रीझ, डावीकडे मी. इड्वल नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटतो, कानाशी नेतो, गुणगुणत सूर देतो. आणि आम्ही गायला लागतो.

नाताळ सरला की वेल्सच्या या डोंगरांतल्या चर्चमध्ये प्लगाइन असते, म्हणजे नाताळच्या गाण्यांची संध्याकाळ. वाद्य नाही, निवेदक नाही. ज्यांची पाळी ते आपणहून उठतात, पुढे जाऊन गातात, मुकाट्यानं परत येऊन बसतात. सगळ्यांचं झालं की दुसरी फेरी, त्याच क्रमानं. पुढचे गाऊन बसल्याशिवाय मागचे उठत नाहीत. टाळ्या नाहीत की बोलणं नाही. सगळा जन्म रंगभूमीवर काढून मी गावी परतलो, पण सूत्रधाराशिवाय इतका नेटका चालणारा प्रयोग मला दुसरीकडे दिसला नाही. आमचं त्रिकूट त्यात जुनं. नेस्टाचा नवरा एम्रिस गेल्यावर त्याच्या जागी मी आलो, एवढाच काय तो बदल.

नेस्टाची ओळख करून द्यायची तर दरीतल्या शाळेपासूनच सुरुवात करायला हवी. तिच्या लहानपणी ती शाळा सोळाव्या वर्षापर्यंतच होती. पुढची दोन वर्षं शिकायची तर शहरात खोली घेऊन राहावं लागे. नेस्टा हुशार, म्हणून बापानं पाठवली. ख्रिसमसला ती ट्रंक घेऊन परत आली ती आलीच. ‘तिथं मला माझ्या वेल्श भाषेत कुणी शिंकलंसुद्धा नाही,’ एवढंच ती सांगे. मग दरीतल्या लोकांनी भांडून शाळेच्या माथ्यावर ते दोन वर्ग मिळवले. त्यांना इकडे सिक्स्थ फॉर्म म्हणतात. भांडणाऱ्यांत नेस्टाचा बाप होता आणि इड्वलचाही. तोवर नेस्टाचं लग्न झालं होतं. ती त्या वर्गांत शिकली नाही. त्या शाळेत स्वयंपाक करायला लागली. मोठ्या वर्गातल्या मुलांच्या ताटात एक बटाटा जास्त पडायचा. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, ‘त्यांचं डोकं जास्त चालतं, जास्त जाळणार ना!’

आता ती मेंढ्या पाहते आणि नातीला वाढवते. मुलगा ट्रकवर, सून केव्हाच निघून गेलेली. नात मारी पंधरा वर्षांची, सकाळी आजीबरोबर चारा टाकून मग शाळेला पळणारी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. आणि पुढच्या सप्टेंबरात ती वरच्या वर्गात जायची, नेमका तेव्हाच काउन्टी कौन्सिलचा प्रस्ताव आला: दरीतल्या शाळेचे वरचे दोन वर्ग बंद, मुलांनी बसनं शहरातल्या कॉलेजात जावं.

‘साडेसहाला पुलापाशी बस,’ मारी म्हणाली, ‘आणि परत यायला अंधार. नैन, मी शहरातच राहू का?’

नैन म्हणजे आजी. नेस्टा उठली. अंगणात जाऊन तिनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

रस्त्याकडेच्या कुंपणापाशी तिचे चाऱ्याचे गोल गठ्ठे रचलेले असतात, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. एकेका गठ्ठ्यावर पुरुषभर उंचीचं एकेक अक्षर तिनं रंगवलं. गाडीतून जाणाऱ्याला सलग वाचता यावं: आमची शाळा तोडू नका. डबा धरायला कोण होतं? इड्वल. तो आमचा कौन्सिलर. जन्मभर बाजारात मेंढ्यांचे लिलाव पुकारलेला माणूस. त्याचा आवाज डोंगरापलीकडे जायचा.

‘ते शेवटचं अक्षर तिरकं आलंय, बाई,’ तो म्हणाला.

‘तू धर डबा. कौन्सिलात हात सरळ ठेव म्हणजे झालं.’

‘अगं, माझ्या बापानं मिळवलेले वर्ग मी बंद करीन? त्याच्या थडग्यावर हात ठेवून सांगतो. माझं मत विरोधात.’

हे त्यानं अंगणात सांगितलं, नंतर त्या टेबलाशी, चहा पिताना पुन्हा सांगितलं. नेस्टानं त्याच्यासमोर मनुकांच्या पावाचा जाड काप ठेवला, वर लोणी. इड्वल वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणेन. एम्रिस गेला त्या वर्षी नेस्टाच्या सगळ्या मेंढ्यांची लोकर त्यानं आपल्या हातानं उतरवली होती, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं त्याला चालत नसे. म्हणूनच तर ती बिनघोर होती. सभेला शहरात जायचंही तिनं टाळलं. ‘इड्वल आहे ना तिथं,’ म्हणाली.

मतदान डिसेंबरात झालं. गावातल्या हॉलमध्ये भिंतीवर ते दाखवत होते. आम्ही कोट घालूनच बसलो होतो. हॉलचं हीटर कधीच चालत नाही. नेस्टा पहिल्या रांगेत, शेजारी मारी. एकेक नाव पुकारलं जाई आणि तो तो माणूस उत्तर देई.

‘इड्वल ब्रीझ?’

‘प्रस्तावाच्या बाजूनं.’

लिलावातल्या त्या आवाजातून इतका बारीक शब्द निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, ‘काय म्हणाला? काय म्हणाला?’ नेस्टानं मान वळवली नाही. मारी म्हणाली, ‘नैन, चल घरी.’

प्रस्ताव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी इड्वल आला. मी तिथंच होतो. तो दारातच उभा राहिला, आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही.

‘सगळीच शाळा जाणार होती, नेस्टा. वरचे दोन वर्ग दिले म्हणून खालची राहिली. तसा शब्द घेतलाय मी त्यांच्याकडून.’

‘दिलेस?’ नेस्टा म्हणाली. ‘तुझे होते का द्यायला?’

‘तुला आधी सांगणार होतो...’

‘कधी? काप खाण्याआधी की खाल्ल्यावर?’

त्यानं टोपी हातात फिरवली, माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. तो गेला.

मग थंडी आली. मेंढ्यांना चारा लागला. रोज नेस्टा आणि मारी एक गठ्ठा फोडायच्या, आणि कुंपणापाशी एक अक्षर कमी व्हायचं. पोस्टमननं थट्टेत म्हटलं, ‘नेस्टा, आता वाचता येत नाही गं काही.’ ती म्हणाली, ‘मेंढ्यांना येतंय.’ प्लगाइनच्या दिवशी ते तिरकं अक्षर तेवढं उरलं होतं.

संध्याकाळी चर्च भरलं. खिडक्यांत मेणबत्त्या, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. नेस्टा येईल का, असा माझ्यासकट सगळ्यांना प्रश्न. ती आली, आपल्या जागी बसली, मारी शेजारी. इड्वल पलीकडच्या बाकावर. पहिल्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा ती उठली. आम्ही गायलो. तिचा सूर काठोकाठ लागला होता. इड्वलच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं: त्याला वाटलं, सुटलो. बाकावर परत जाताना त्यानं मारीच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. मारीनं खांदा काढून घेतला. नेस्टानं ते पाहिलं.

दुसरी फेरी सुरू झाली. आमच्या आधीची दोघं भावंडं गाऊन बसली. इड्वल उठला, पुढे गेला, नादकाटा आपटून कानाशी धरला. मी निम्म्या वाटेवर पोचलो आणि मागं वळून पाहिलं.

नेस्टा बसलेलीच होती. हात मांडीवर, नजर समोर.

आता हे समजून घ्या: आम्ही गायल्याशिवाय मागचं कुणी उठणार नव्हतं. तो आमचा रिवाज. तिला जा म्हणायचंही कुणाच्या जिभेवर येणार नव्हतं, कारण तिथं बोलतच नाहीत. कुणी खोकलं. एक मेणबत्ती तडतडली. इड्वलनं नादकाटा पुन्हा आपटला. मग पुन्हा एकदा. मी रंगमंचावर संवाद विसरलेले नट पाहिलेत, पण इतका एकटा पडलेला माणूस पाहिला नव्हता.

शेवटी तो खाली उतरला, तिच्या बाकापाशी आला, वाकला.

‘नेस्टा,’ तो कुजबुजला, ‘लोक थांबलेत गं.’

ती कुजबुजली नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

‘थांबू देत, इड्वल. सप्टेंबरपासून माझी मारी रोज पहाटे अंधारात पुलापाशी थांबणार आहे.’