सासूच्या पायाची पट्टी

ड्रेसिंग रूमच्या टेबलावर टाचेला खोल जखम झालेला पाय आला. सिस्टरने मान वर करून पाहिलं, तर समोर तिची पूर्वीची सासू! आंधळा मागतो एक डोळा, आणि देव देतो दोन.

घटस्फोटाला किती वर्षं झाली होती, पण एक दुपार सिस्टरच्या डोक्यातून गेली नव्हती. पाहुणे जेवत होते. सासूच्या ताटात लांब केस निघाला. बाईंनी ताट भिरकावलं, सुनेला सगळ्यांसमोर ओढत आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने तिची वेणी मानेपासून कापली. नवरा समोरच मूग गिळून बसला होता. त्याचा तिने राग धरला नाही. बिचारा, आईपुढे त्याची जीभच उचलत नाही, म्हणून सोडून दिलं. सासूला मात्र सोडलं नव्हतं.

सासूला मधुमेह होता आणि जखम काही केल्या भरत नव्हती. "आता ही नवी जेल लावून बघायची, नाहीतर पाय कापायचा," डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं. सलूनमधले केस आणून, धुऊन, विरघळवून त्यातलं केराटिन नावाचं प्रथिन काढतात. त्याची जेल जखमेत भरली की तिच्या आधाराने नवी कातडी धरते. "घरच्यांची सही झालीय. पण जखम भरेपर्यंत हे केसांचं आहे असं आजींना कळू देऊ नका. त्यांना केसांची भारी किळस आहे म्हणे. ओरबाडून काढतील."

सिस्टरने हसू कसंबसं आवरलं. म्हणे!

एक शब्द बोलली असती तर म्हातारीचा पाय गेला असता. पण कापलेल्या पायाची सगळं जग कीव करतं, आणि ती हिला कशाला मिळू द्यायची? त्यापेक्षा लोकांचे केस टाचेत मुरू देत, मग सांगू. जेल विरघळून जाते आणि वर येते ती पेशंटचीच कातडी, हे सिस्टरला ठाऊक होतं. म्हातारीला ते सांगायची गरज नव्हती.

मग अशी शुश्रूषा सुरू झाली की वॉर्डात कौतुक मावेना. सिस्टर जखम हळुवार धुवायची, जेल काठापर्यंत नीट पसरायची, सुट्टीच्या दिवशीही येऊन पट्टी बदलायची. सुडापायी एवढी सेवा कुणी केली नसेल.

सासूचा सुंभ जळला तरी पीळ तसाच. "हळू! घरात धड स्वयंपाक जमला नाही, इथे काय दिवे लावणार तू?" शब्द सिस्टरच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात तिला जखमेच्या कडेने आत सरकलेली गुलाबी कातडी दिसली. तिने शब्द गिळला. "आजी, पाय हलवू नका," एवढंच म्हणाली.

अखेर जखम भरली. म्हातारीला न्यायला मुलगा आला होता, दाराशी उभा होता. सिस्टरने शेवटची पट्टी सोडली.

"आजी, पाय कशाने वाचला माहीत आहे? केसांनी. सलूनच्या फरशीवरून गोळा केलेल्या केसांची जेल होती ती. रोज तुमच्या मांसात भरत होते मी."

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. ती टाच चादरीवर घासू लागली. सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मला न विचारता? सही कोणी केली?" सासू किंचाळली.

नणंदेने केली असणार, असंच सिस्टर धरून चालली होती.

"मी केली," तिचा पूर्वीचा नवरा दारातून म्हणाला. "तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. पाय गेला असता, आई. आता ओरडायचं तेवढं ओरड."

आवाज शांत होता, भीतीचा लवलेश नाही. आणि सासू चक्क गप्प बसली.

सिस्टर हातात मळकी पट्टी घेऊन तशीच उभी राहिली. उचलत होती की याची जीभ! आईला गप्प करायला याला दोन-चार वाक्यं पुरली. तेवढी वाक्यं तेव्हाही याच्याकडे होती.

ज्याचा राग धरायला हवा होता, तो खाली वाकून आईच्या पायात चप्पल चढवत होता.