न जळालेली तार

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट रागच होता. कारण मी पायाळू... म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. आमचं गाव कडेगाव तालुक्यात, विट्याच्या रस्त्याला. पायाळूची लाथ बसली की कंबरेतली उसण जाते म्हणून दर शनिवारी आमच्या अंगणात कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं, आणि मी शाळेच्या युनिफॉर्मवरच लाथ मारून पळायची. पायाळूला जमिनीखालचं दिसतं, असंही म्हणतात. त्यामुळं घरातली पहिली ग्रॅज्युएट होऊन मी जिओफिजिक्सला गेले, तेव्हा भावकी म्हणाली, "तिला काय, उपजतच हाय ते." अभ्यास मी केला आणि श्रेय पायाला.

तर, मागच्या सीझनला आम्ही अंदमानच्या समुद्रात सर्व्हे करत होतो. तिथं पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीच्या खाली सरकत जाते. जहाजावरून पाण्यात दाबलेल्या हवेचे बार काढायचे. तो आवाज तळाखालच्या खडकात खोल जाऊन परत येतो आणि समुद्रतळावर ठेवलेली यंत्रं तो टिपतात. काम झालं की वरून सिग्नल द्यायचा. यंत्रावरची बारीक तार करंटनं जळते, हुक उघडतो, लोखंडी वजन तळाशी राहतं आणि यंत्र तरंगत वर येतं.

सगळी आली. एक येईना. प्लेट नेमकी जिथं वाकते, तिथलंच. ते गेलं असतं तर माझ्या पीएचडीच्या चित्रात मधोमध भोक राहिलं असतं. सकाळपासून सिग्नल देत होतो... उत्तर नाही. हवा बिघडत होती, दुपारनंतर थांबणार नाही असं कॅप्टननं सांगून टाकलं.

डेकवर क्रेन चालवणारे सलीमभाई मिरजेचे. त्यांची कंबर धरली होती, आणि मी पायाळू आहे हे कळल्यापासून ते माझ्या मागं लागले होते.

"आवं ताई, एक लाथ मारा की. पुण्य लागंल."

"सलीमभाई, मी इथं शास्त्रज्ञ म्हणून आले आहे."

"मग शास्त्रीय मारा."

सगळे हसले. मी मात्र रडायच्या बेतात होते. म्हटलं, झोपा. ते डेकवर पालथे झाले, स्वयंपाक्यानं मोबाइल काढला. मी पाय उचलला आणि खरं सांगते, सकाळपासूनचा सगळा राग त्या पायात उतरला.

"आयाय... मारा म्हनलं हुतं, मारून टाका न्हाई."

मग उठून त्यांनी कंबर इकडं तिकडं वळवून पाहिली. "सुटली की वो."

आम्ही आवराआवर सुरू केली. तासाभरानं जहाज वळवताना लांब पाण्यावर केशरी झेंडा दिसला. आमचं यंत्र.

वर घेतलं, आणि सगळे त्याच्याभोवती वाकले. तार शाबूत होती. हुक बंद होता. फक्त खालचं वजन गायब होतं. यंत्राच्या मेमरीत सिग्नल पोचल्याची नोंदच नाही. पण तळ सोडल्याचा हिसका मात्र त्याच्याच रेकॉर्डमध्ये उमटलेला... आणि ती वेळ स्वयंपाक्याच्या व्हिडिओतल्या लाथेशी जुळत होती.

मोहिमेचे प्रमुख, आमचे सर साताऱ्याचे, कडक माणूस. म्हणाले, "योगायोग."

"वेळ योगायोगानं जुळेल सर. बंद हुकातून वजन कसं सुटेल?"

त्यांनी हुक दोनदा उघडून मिटून पाहिला. रिपोर्टात लिहिलं — कारण अज्ञात.

डेटा इतका स्वच्छ होता की वाकून खाली जाणारी प्लेट चित्रात सलग दिसते. ते गणित मी केलंय, माझ्या डोक्यानं. पण यंत्र वर कसं आलं हे मला आजही सांगता येत नाही.

आता पुन्हा निघायचंय. परवा सरांचा फोन आला.

"सलीमभाई येतायत ना?"

"हो सर."

"कंबर कशी आहे त्यांची?"

"ठणठणीत."

सर खाकरले. मग म्हणाले, "असू दे... दुखायला लागली तर मला कळवा."