वहिनींचं पान

दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजारात शर्टाचं कापड बघत होतो तेव्हा इराचा, माझ्या पुतणीचा फोन आला. "काका, आई गेली." एवढं मराठीत, पुढचं सगळं इंग्रजीत. वहिनींचं हृदय बरेच महिने कुरकुरत होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. दुकानदाराला "खलास, बाद में" म्हणून निघालो. त्या फोनला महिना होऊन गेला. भेटायला येणारे वहिनींच्या सोशिकपणाबद्दल बोलतात. मला मात्र सारखा क्योटोतला एक दिवस आठवतो.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी आणि इरा दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिस वसाहतीत माझ्या शेजारच्या टॉवरमध्ये राहत. पितृपक्षात दादाच्या तिथीला कावळ्यासाठी पान ठेवल्याशिवाय वहिनी तोंडात घास घालत नसत. आमच्या टॉवरवर पारव्यांशिवाय कोणी फिरकत नाही, म्हणून दरवर्षी मी वहिनींना गाडीने उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर नेई, तिथे कावळे असतात. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही, पण गाडी चालवायला श्रद्धा लागत नाही. एका वर्षी इराने कालनिर्णय न बघता जपानची तिकिटं काढली आणि तिथी नेमकी क्योटोत आली. वहिनींनी भाजणीचे वडे डब्यात भरून घेतले.

सकाळी लाल कमानींची टेकडी चढलो, मग बाजारात शिरलो. सोयाच्या दुधाचे गरम डोनट, काडीला लावून भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, लोणच्यांची पिंपं... इरा आणि मी चाखत होतो आणि वहिनी पर्स सांभाळत वर तारांकडे बघत होत्या. कावळे होते, आपल्यापेक्षा दांडगे, पण खाली उतरायचं नाव नाही. "काका, शी हॅजन्ट ईटन सिन्स मॉर्निंग. डू समथिंग," इरा कुजबुजली. मी म्हटलं, "वहिनी, आपण जपानात आहोत हे दादाला कसं कळणार?" "रस्ता तुम्ही चुकता, भाऊजी. ते नाही चुकायचे," त्या म्हणाल्या.

शेवटी नदीकाठी त्यांनी कागदी ताटलीत वडे मांडले. तिथे घारीचं चित्र असलेली एक पाटी होती. आम्ही समजलो, इथल्या पक्ष्यांची माहिती असेल. एक कावळा खरंच जवळ आला, मान वाकडी करून बघू लागला... आणि मागून घार आली. वडे गेले, ताटली पाण्यात गेली, वहिनींच्या केसांना पंख घासून गेला. कावळा शिवलाच नव्हता. वहिनींचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, या आता दुबईला पोचेपर्यंत उपाशी राहणार. मी चटकन बोलून गेलो, "दादाच असणार. तो कधी रांगेत उभा राहिलाय?" वहिनी माझ्याकडे बघून खो खो हसल्या. दादा गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहिलं. "चला, भूक लागलीय," म्हणाल्या. परत बाजारात गेलो. एका ठेल्यावर त्यांनी काहीतरी घेतलं, उभ्या उभ्या खाल्लं आणि पुन्हा जाऊन तेच मागून आणलं. तेव्हा इरा आणि मी तिने काढलेला घारीचा व्हिडिओ बघत होतो.

वहिनी गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात आम्ही दोघं पान वाढत होतो. गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं असतं. मी वडे ठेवले, अळूची भाजी वाढली, खीर वाढली. इरा म्हणाली, "काका, दॅट्स बाबाज फूड." खरंच होतं. तिने एकेक पदार्थ काढून घेतला. मग मला विचारलं, मराठीत, "आईला काय आवडायचं?" इतकी वर्षं मी वहिनींच्या हातचं जेवलो होतो. एकदाच त्यांनी स्वतःसाठी काहीतरी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं आणि ते काय होतं, हे आम्हा दोघांनाही आठवेना. स्मशानात न आलेलं रडू मला तिथे ओट्यापाशी आलं. किनाऱ्यावर जायला उशीर होत होता, आणि पान रिकामंच होतं.