पितळेच्या दुकानातलं चुंबकीय क्षेत्र

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला, की भंडाऱ्यातलं ते भांड्यांचं दुकान आठवतं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथं मुलगी पाहायला गेलो होतो. तिचे वडील मोडीतलं लोखंड चुंबकानं वेचत होते. नव्या एमएस्सीच्या तोऱ्यात मी म्हणालो, "चुंबकीय क्षेत्र खरं नसतं. ती गणिताची सोय."

"मंग हा खिळा काहून उडी मारून राहिला, मास्तर?"

चहा ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, "उजेड बी त्याच क्षेत्राची लाट आहे ना? आता सूर्य विझला तरी आठ मिनिटं ऊन येतच राहीन. ते बी सोयच काय?"

मी चहा फुंकत बसलो.

आठवड्यानं निरोप आला, समोर आहे तेच नाही म्हणणारा जावई नको. क्वांटम शिकवताना मी आता सांगतो, की कणसुद्धा क्षेत्राचेच तरंग असतात. नकार भौतिकशास्त्राला धरूनच होता.