दाव्याला बांधलेली राजदूत

इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. भूत, चकवा, हडळ… छे! माझा विश्वास प्लग, पॉइंट आणि पेट्रोलवर. जन्मभर मोटारसायकल चालवली आणि साठी उलटली तरी ही खाज काही जात नाही, असं बायको म्हणते. गाडी का चालते आणि का बंद पडते, एवढं तरी मला नक्की कळतं. एक दिवस सोडून. तो सांगतो, मग हसायचं तर हसा.

आमचं गाव बिडकीन. घर धनगराचं, वडिलांकडं – आम्ही त्यांना आबा म्हणायचो – मेंढरं. घरातून कंपनीत लागलेला मी पहिला. वाळूजला तेव्हा एकामागं एक शेड उभी राहत होती. नोकरी पक्की झाली तशी मी जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. आईनं नाक मुरडलं. आबांनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर भंडारा लावला आणि विचारलं, रात्री हिला बांधायची कुठं? मी हसत टाकीखालचा पेट्रोल कॉक दाखवला – हा बंद केला की पेट्रोल इंजिनाकडं जात नाही, हेच हिचं दावं. झालं! तेव्हापासून मी गाडी अंगणात लावली की आबा येऊन कॉक बंद करायचे आणि सकाळी मेंढरांबरोबर हिलाही सोडायचे. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, हा त्यांचा नेम. त्यामुळं माझ्या हाताला त्या कॉकची सवयच लागली नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. त्या दिवशी बंद, म्हणून कंपनीला सुट्टी, एसट्याही उभ्या. माझी बहीण सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दुपारी कळा सुरू झाल्या आणि नर्सबाईंनी तपासून सांगितलं – बाळ आडवं आहे, इथं काही होणार नाही, लगेच शहरात न्या. गावातल्या जीपवाल्यानं बंदच्या भीतीनं हात जोडले. आबा मेंढरं घेऊन रानात. सुमनचा चेहरा पांढराफटक पडलेला, तरी माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, तुझी गाडी काढ."

मी जवळजवळ टाकीवर बसलो, मध्ये सुमन, मागून तिला कवेत धरून आई. एरवी दोन-चार लाथा खाल्ल्याशिवाय न हलणारी राजदूत एका किकमध्ये चालू!

पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या आणि निळे झेंडे घेऊन पोरं बसलेली. गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. तर त्यातला एक कंपनीत माझ्याच लाइनवर काम करणारा निघाला. त्यानं सुमनकडं पाहिलं आणि मागं वळून म्हणाला, "वाट सोडा रे, बाई अडलीय." पोरांनी काट्यांची पर्वा न करता हातानं फांद्या ओढल्या. एकानं आपला रुमाल भिजवून आईच्या हातात दिला. त्या पोरांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

तिथून पुढं काय पळाली गाडी! तीन माणसं घेऊन नक्षत्रवाडीचा चढ टॉप गिअरमध्ये. नाही अडखळली, नाही दमली. दवाखान्याच्या दारात सुमनला स्ट्रेचरवर घेतलं, ऑपरेशन झालं आणि दिवस मावळायच्या आत बातमी आली – मुलगी, दोघी सुखरूप! मी व्हरांड्यात लहान पोरासारखा रडलो. बिनलाजेचा रडलो.

मग चहा आणावा म्हणून गाडीला किक मारली. नाही. परत मारली… नाही. खाली वाकून बघतो तर पेट्रोल कॉक बंद.

मी त्याला हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी तशीच ढकलत गुलमंडीमागच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं नळी काढली, बंद कॉकमधून थेंबही आला नाही. कार्बोरेटर उघडला तर आतली पेट्रोल साठायची वाटी कोरडीठाक. दवाखान्यात कुणी मुद्दाम कॉक फिरवला असता तर ती वाटी भरलेली राहिली असती, आणि किकला गाडी चालू झाली असती. मिस्त्री म्हणाला, "बंद कॉक पे बिडकीन से आये? वाटी का पेट्रोल दो किलोमीटर नहीं चलता, भाई." आमचं अंतर वीसच्या वर.

घरी जाऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, तुला सुट्टी होती ना, म्हणून काल मी तिला सोडलीच नव्हती. मग सगळी हकीकत ऐकून अंगणात गेले, टाकीवर थाप मारली. "दावं तोडून गेली म्हणायची. घरचं लेकरू अडलं की जनावर दाव्याला थांबत नाय."

मला हे पटलं नाही. मी पुढं कितीदा तरी कॉक बंद करून निघालो. दर वेळी गाडी गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगपाशी गचके खाऊन मेली. एकदा तर पाच वर्षांच्या भाचीला पुढं बसवून नेलं, तरी तिथंच. "मामा, ढकल आता," म्हणून ती खिदळत बसली.

ती आता बिडकीनलाच, नव्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला हे सांगितलं की कागदावर आकडेमोड करते आणि शेवटी पेन खाली ठेवते. कारण सापडो ना सापडो, पोरगी तर आहे ना… आणि परवा खुलताबादच्या घाटात स्वतःच्या मोटारसायकलवर हॉर्न देऊन मला ओव्हरटेक करून गेली.